सूचौचें ‘जिएन’ आणि आमचा ‘खण’

परदेशी विद्यापीठ आपल्या दारीं येऊन इंग्रजींतून विद्या शिकवील, ही वार्ता आतां नवी राहिलेली नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२३ सालीं त्याविषयींचे नियम केले. २०२५ सालीं नवी मुंबईसाठीं पांच परदेशी संस्थांस संमतिपत्रें मिळालीं, आणि त्याच वर्षीं इंग्लंडांतील लिव्हरपूल विद्यापीठास बंगळूरसाठीं तसेंच पत्र मिळालें. ज्या घरांत बारावीची परीक्षा दिलेला मुलगा अथवा मुलगी आहे, त्या घरांत रात्रींच्या पंक्तीला हा विषय निघतोच. फी किती, पदवी कोणाची, पुढें नोकरी कोठें, हे तीन प्रश्न वडील मंडळी विचारतात आणि ते विचारलेही पाहिजेत. परंतु मुलाला स्थापत्य किंवा नगररचना शिकावयाची असेल तर आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाहीं. तो कोणता, हें सांगण्याकरितां वाचकांस थोडा वेळ चीन देशांत नेणें भाग आहे. कारण हा प्रयोग तेथें वीस वर्षांपूर्वींच सुरू झाला.

शांघायच्या पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरांवर सूचौ नांवाचें प्राचीन नगर आहे. इसवी सनापूर्वीं ५१४ व्या वर्षीं वू देशाच्या राजासाठीं त्याच्या मंत्र्यानें तें वसविलें, अशी परंपरा आहे. सन १२२९ मध्यें त्या सबंध नगराचा नकाशा एका शिळेवर कोरण्यांत आला, आणि ती शिळा अद्याप जपून ठेविलेली आहे. तिच्यावर तट आहे, वेशी आहेत, रस्ते व कालवे शेजारीं शेजारीं चाललेले आहेत, आणि तीनशेंच्या वर पूल आहेत. घराचें पुढचें दार रस्त्यावर आणि मागचें पाण्यावर, अशी तेथील जुनी वस्ती. आठशें वर्षांपूर्वींच्या या शिळेवरील कालव्यांपैकीं कित्येक आजही जुन्या गांवांत ओळखतां येतात. आपल्याकडे एखाद्या गांवाचा ऐंशी वर्षांपूर्वींचा नकाशा कचेरींत मागून पाहावा म्हणजे या गोष्टीचें मोल कळेल!

या नगरांतील बागा युनेस्कोनें १९९७ पासून जागतिक वारशांत घेतल्या आहेत. बाग रचण्याच्या विद्येवर ‘युआन ये’ हा ग्रंथ लिहिणारा जी छंग हाही याच मुलखांतला. १६३१ सालीं त्याचा ग्रंथ लिहून पुरा झाला. ग्रंथाच्या अखेरीस त्यानें ‘उसनें दृश्य’ म्हणून एक प्रकार सांगितला आहे. आपल्या कुंपणापलीकडचा डोंगर किंवा दूरचा मनोरा अशा बेतानें झाडांमधून दिसूं द्यावयाचा कीं तो आपल्याच बागेंतला वाटावा. उसनें घेण्याची ही रीत आम्हांस फार आवडली. तींत देणाऱ्याचें कांहीं कमी होत नाहीं. मात्र उसनें घेण्यापूर्वीं आपली स्वतःची बाग असावी लागते.

अशा या गांवांत २००६ सालीं दोन विद्यापीठांनीं भागीदारी करून तिसरें विद्यापीठ काढलें. एक भागीदार चिनी : शीआन ज्याओतोंग विद्यापीठ, ज्याचा उगम १८९६ सालीं शांघायमध्यें निघालेल्या एका शाळेंत आहे. दुसरा भागीदार वर सांगितलेलें लिव्हरपूल विद्यापीठ. चीन सरकारच्या २००३ च्या नियमांप्रमाणें परदेशी विद्यापीठास तेथें एकट्यानें दुकान मांडतां येत नाहीं; देशी संस्थेचा हात धरूनच यावें लागतें. सरकारनें सक्तीचे केलेले कांहीं विषय सोडले तर सर्व अध्यापन इंग्रजींतून होतें. विद्यार्थ्यास दोन पदव्या मिळतात, एक तेथली व एक लिव्हरपूलची. आणि ज्यास इच्छा व ऐपत असेल त्यानें दोन वर्षें सूचौस काढून उरलेलीं दोन लिव्हरपूल येथें पुरीं करावीं, अशीही सोय आहे. स्थापत्य, नगररचना आणि नगरांच्या जागांचें आकल्पन, हे तिन्ही विषय तेथें शिकवितात, आणि ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजमान्य संस्थेची स्थापत्याच्या अभ्यासक्रमास मान्यता आहे.

लिव्हरपूल हा या विषयांत लहान भागीदार नव्हे. नगररचनेचा स्वतंत्र विभाग विद्यापीठांत प्रथम निघाला तो तेथेंच, १९०९ सालीं. त्याची कथा मौजेची आहे. ज्या लिव्हर नांवाच्या कारखानदाराचा सनलाईट साबण आपल्या आज्यांच्या मोरींत असे, त्यास इंग्लंडांतील वृत्तपत्रांनीं बदनाम केलें. त्यानें दावा लावला आणि भली मोठी नुकसानभरपाई वसूल केली. त्या पैशांतून त्यानें विद्यापीठास देणगी दिली, आणि त्यांतून हें अध्यासन उभें राहिलें. बदनामीचा पैसा इतक्या चांगल्या कामीं लागल्याचें दुसरें उदाहरण निदान आमच्या वाचनांत नाहीं.

आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें, त्यावरून आम्ही इंग्रजीवर दांत धरून आहोंत असा कोणाचा तर्क असेल तर तो निराधार आहे. इंग्रजीनें आम्हांस पुष्कळ दिलें आहे. सूचौच्या वर्गांत बसलेल्या चिनी मुलासही ती जगभरचे ग्रंथ, जगभरचे गुरु आणि जगभरची नोकरी देते. हा लाभ थोडा म्हणणारा मनुष्य अरसिक तरी असला पाहिजे किंवा अप्रामाणिक तरी. आमचा प्रश्न निराळा आहे. रसायनशास्त्र कोणत्याही भाषेंत शिकलें तरी पाणी तेंच राहतें. घराचें तसें नाहीं. घर तें बांधणाऱ्याच्या आणि त्यांत राहणाऱ्याच्या शब्दांनीं अर्धें अगोदरच रचलेलें असतें.

हें उदाहरणानेंच स्पष्ट होईल. चिनी लोक परंपरेनें घर खोल्यांनीं मोजीत नसत; ‘जिएन’नें मोजीत. दोन खांबांच्या ओळींमधली जी मोकळी जागा तें एक जिएन. घर तीन जिएनांचें, पांचांचें, सातांचें. संख्या बहुधा विषम, म्हणजे मधलें जिएन दारासाठीं मोकळें राहतें. मिंग राजवटींत सामान्य प्रजाजनाच्या घरास तीनांहून अधिक जिएन असूं नयेत असा कायदाच होता. म्हणजे हा एकच शब्द माप सांगतो, बांधणी सांगतो आणि घरधन्याची पायरीही सांगतो.

मराठी वाचकास हें परकें वाटूं नये. आमचा ‘खण’ तो हाच. खण म्हटल्यावर केवळ चोळीचा खण आठवणाऱ्या नव्या पिढीसाठीं सांगितलें पाहिजे कीं दोन तुळयांमधील जागेस खण म्हणतात, आणि आमचे वाडे खणांनींच मोजले जात. पांच खणांचा सोपा, तीन खणांची माडी, हे शब्द जुन्या वाटणीपत्रांतून अजून आढळतात. भाऊ वेगळे होत तेव्हां जमिनीची वाटणी बिघ्यांनीं होई आणि घराची खणांनीं. थोरल्यास चौकाकडचे दोन खण आले, धाकट्यास परसाकडचे दोन आले, मधली भिंत कोणी घालावयाची यावरून तीन पिढ्या बोलणें बंद. हा इतिहास कोणत्या घरांत नाहीं?

इंग्रजींत या अर्थीं ‘बे’ असा शब्द आहे. नाहीं असें नाहीं. तो शिकवून काम भागेल असें कोणी म्हणेल. परंतु वर्गांत शिकलेल्या मुलाच्या मनांत इंग्रजी घर उभें राहतें तें खोल्यांनीं : झोपण्याची खोली एक, बसण्याची एक, प्रत्येकीचे चौरस मीटर इतके. खोल्यांच्या चौकटी प्रथम, भिंती त्यांच्या कडांवर, आणि खांब सर्वांच्या शेवटीं, जेथें बसतील तेथें. जिएन म्हणणाऱ्या सुताराचा क्रम नेमका उलट आहे. आधीं खांब, मग तुळया, मग छप्पर; भिंत ही सर्वांमागून येणारी पाहुणी. भिंत पडली तरी घर पडत नाहीं, अशी चिनी म्हण आहे; आणि सागवानी खांबांवर उभ्या असलेल्या आमच्या कित्येक वाड्यांनीं ती खरी करून दाखविली आहे. शब्द बदलला म्हणजे विचाराचा क्रम बदलतो, आणि क्रम बदलला म्हणजे घर बदलतें. बदललेलें घर वाईटच असतें असें आमचें म्हणणें नाहीं. पण तें कोणीं व कां बदललें हें बदलणाऱ्यास ठाऊक असावें, इतकी अपेक्षा गैर नव्हे.

सूचौच्या बाबतींत या गोष्टीस एक विलक्षण पूर्वपीठिका आहे. आधुनिक पद्धतीनें स्थापत्य शिकविण्याचा चीनमधील पहिला विभाग निघाला तो याच सूचौ गांवांत, १९२३ सालीं, तेथील औद्योगिक शाळेंत. काढणारे तरुण चिनी गृहस्थ जपानांत शिकून आलेले. त्यांत ल्यू शिइंग व ल्यू दुनजेन हे प्रमुख. म्हणजे तेव्हांही विद्या उसनीच आणलेली होती. पण त्यांनीं एक गोष्ट केली. गांवांतील याओ छंगत्सू नांवाचा पिढीजात कारागीर, जो सूचौच्या सुतार-गवंड्यांचा म्होरक्या होता, त्यास त्यांनीं शिक्षक म्हणून शाळेंत बोलाविलें. परदेशांत पदवी घेतलेले अध्यापक एका वर्गांत आणि हातावर घट्टे पडलेला हा म्हातारा शेजारच्या वर्गांत! त्यानें आपल्या घराण्यांतील ज्ञान, मापें, प्रमाणें आणि मुख्य म्हणजे नांवें, लिहून काढलीं. तो १९३८ सालीं वारला. त्याचें हें टिपण पुढें चित्रें व टीपा घालून १९५९ मध्यें ग्रंथरूपानें निघालें, आणि दक्षिण चीनच्या जुन्या बांधणीविषयीं आज त्याचाच आधार घेतात. ल्यू दुनजेन यांनींही पुढें सूचौच्या बागांची मापें घेऊन मोठा ग्रंथ सिद्ध केला, तो त्यांच्या मृत्यूनंतर १९७९ सालीं प्रसिद्ध झाला.

दुसरी कथा ल्यांग सछंग यांची. हे आणि त्यांच्या पत्नी लिन ह्वेइइन अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत शिकण्यास गेले. तेथें स्थापत्याच्या शाखेंत स्त्रियांस प्रवेश नसल्यामुळें या बाईंनीं चित्रकलेच्या शाखेंत नांव घालून स्थापत्याचेच पाठ ऐकले. त्यांची स्थापत्याची पदवी विद्यापीठानें २०२४ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर सुमारें सत्तर वर्षांनीं, दिली. असो. ल्यांग शिकत असतां त्यांच्या वडिलांनीं त्यांस ११०३ सालच्या एका चिनी स्थापत्यग्रंथाची नुकतीच छापलेली प्रत धाडली. शिकलेल्या चिनी माणसास चिनी ग्रंथांतील एकेक पान अगम्य! अक्षरें ओळखूं येत, पण कोणतें लांकूड कोणत्या लांकडावर बसतें तें कळेना. मायदेशीं परतल्यावर ते पेकिंगच्या राजवाड्यांच्या कामावरील वृद्ध सुतारांकडे गेले, त्यांस गुरु केलें, उभ्या इमारतींकडे बोट दाखवून एकेक नांव विचारून घेतलें, आणि तेथून मागें मागें जात त्या जुन्या ग्रंथाचा अर्थ लाविला. १९३७ सालीं या पतिपत्नींनीं डोंगरांतील एका देवळाच्या तुळईवरचा लेख वाचून तें सन ८५७ मधील असल्याचें ठरविलें; इतकें जुनें लांकडी काम चीनमध्यें उरलेलें नाहीं असा तोंवर परदेशी विद्वानांचा समज होता.

आतां यांतील खरी मौज पाहावी. याच ल्यांग यांनीं युद्धाच्या हालअपेष्टांत चिनी स्थापत्याचा जो सचित्र इतिहास लिहिला तो इंग्रजींत लिहिला. तो त्यांच्या मागें १९८४ सालीं अमेरिकेंत निघाला. त्यांतील चित्रांवर प्रत्येक लांकडाचें नांव चिनी अक्षरांतही आहे आणि इंग्रजींतही. एका कागदावर दोन भाषा, आणि दोहोंत कोणाचाही अपमान नाहीं. इंग्रजींत शिकावें कीं शिकूं नये या वादाचें उत्तर आम्हांस या चित्रांत मिळतें.

आपल्याकडेही हें घडलेलें आहे. तंजावरकडील राम राझ या गृहस्थांचा हिंदु स्थापत्यावरील इंग्रजी निबंध १८३४ सालीं लंडन येथें छापला गेला. शिल्पशास्त्राच्या पोथ्या घेऊन ते पंडितांकडे गेले. पंडितांस विभक्ति कळल्या, वस्तु कळेनात. कारागिरांकडे गेले, त्यांस वस्तु ठाऊक, संस्कृत येईना. अखेर एका जाणत्या शिल्प्याच्या साह्यानें त्यांनीं अर्थ बसविला. आम्ही स्वतः पंडितांच्या बाजूचे असल्यामुळें ही गोष्ट आम्हांस नेहमीं थोडी टोंचते. शास्त्रकारांनीं स्थपति, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक हे चौघे एकाच पंक्तीला बसविले होते. आमचा ‘सुतार’ हा शब्दच मुळीं ‘सूत्रधार’ पासून आलेला. पुढें पोथी एकाच्या घरीं आणि पटाशी दुसऱ्याच्या घरीं अशी वाटणी कशी झाली, तो निराळा व दुःखाचा इतिहास आहे. मराठींत रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे यांनीं, स्वतः इंजिनियर असून, शंभर वर्षांपूर्वीं जुन्या शिल्पग्रंथांचें सार काढण्याचे कष्ट घेतले. त्यांचा ग्रंथ किती वास्तुविशारदांच्या कपाटांत असेल?

मुंबईच्या जे. जे. शाळेंत स्थापत्याचें शिक्षण आरंभापासून इंग्रजींतूनच झालें. परंतु तेथील क्लॉड बॅटली हे इंग्रज अध्यापक विद्यार्थ्यांस जुन्या देशी इमारतींचीं मापें घेण्यास पाठवीत, आणि त्या चित्रांचा संग्रह त्यांनीं १९३४ मध्यें प्रसिद्ध केला. म्हणजे अडचण भाषेंत नाहीं, अध्यापक परदेशी असण्यांतही नाहीं. वर्गाच्या दाराबाहेर जाण्याची बुद्धि कोणास होते आणि कोणास होत नाहीं, एवढाच तो भेद.

ही बुद्धि नसली म्हणजे काय होतें याचा एक लहानसा दाखला आमच्या पाहण्यांतला आहे. एका स्नेह्यांचा नातू, हुशार, इंग्रजींत शिकलेला, त्यानें कोंकणांत वडिलोपार्जित जागेवर नवें घर आंखलें. नकाशा इतका सुबक कीं भिंतीवर लावावा. गांवच्या सुतारानें तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलें, “साहेब, पागोळी कोठें पडायची?” साहेबांस पागोळी म्हणजे काय तें ठाऊक नव्हतें. छप्पर भिंतीपुढें किती काढावयाचें याचा इंग्रजी आंकडा त्यांनीं सांगितला. सुतार गप्प बसला, कारण त्याच्या हिशेबीं प्रश्नाचें उत्तर मिळालेंच नव्हतें. वळचणीवरून जी पाण्याची धार गळते ती पागोळी. ती जोत्याच्या कांठावर पडली तर शिंतोडे ओटीवर येतात, जोत्यापासून हातभर पुढें पडली तर घर कोरडें राहतें. कोंकणच्या पावसाविषयींचें शेंकडों वर्षांचें शहाणपण त्या एका शब्दांत सांठविलेलें आहे. श्रावण लागेपर्यंत ओटीवर घोंगडी पसरावी लागली, आणि आजीबाईंनीं त्या घोंगडीकडे बोट दाखवून नातवास तो शब्द शिकविला. तो आतां तो विसरणार नाहीं. पण विद्या इतकी महाग कां पडावी?

म्हणून फी, पदवी आणि नोकरी यांचे प्रश्न विचारून झाल्यावर वडील मंडळींनीं चौथा प्रश्न विचारावा. विद्यापीठ नवी मुंबईचें असो, बंगळूरचें असो कीं सूचौचें : “या चार-पांच वर्षांत आमच्या मुलास येथल्या सुताराची व गवंड्याची भाषा कोण शिकविणार?” भागीदारीच्या कागदावर दोन विद्यापीठांच्या सह्या असतात, ज्या मुलखांत घरें बांधावयाचीं त्या मुलखाची सही कोठें आहे? सूचौस १९२३ सालीं ती याओ छंगत्सूनें केली. आमच्या नव्या मुंबईंत ओळंबा आणि गुण्या ज्याच्या हातांत आहे अशा एखाद्या मिस्त्रीस आठवड्यांतून दोन तास वर्गांत बोलावून मानधन दिल्यानें कोणतेंही विद्यापीठ भिकेस लागणार नाहीं. आणि चूल, देवघर, माजघर, ओसरी यांचे व्यवहार ज्यांनीं जन्मभर केले त्या घरच्या बायकांनाही एक दिवस बोलवावें; स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची कोणत्याही परिशिष्टापेक्षां त्यांच्या पाठीस अधिक चांगली ठाऊक आहे.

विद्यापीठ करील तेव्हां करो. तोंवर घरच्या घरीं एक गोष्ट करण्यासारखी आहे. मूल सुटींत घरीं येईल तेव्हां त्याच्या हातीं फीत द्यावी आणि गांवचें जुनें घर, उभें असेल तर, मोजवून घ्यावें. घरांतील सर्वांत वृद्ध माणसानें खुर्ची टाकून चौकांत बसावें आणि नांवें सांगावीं : तळखडा, तुळई, कडीपाट, आढें, वासा, पाखें, कोनाडा, फडताळ. मुलानें तीं चित्रावर मराठींत लिहावीं आणि खालीं इंग्रजी शब्द सांपडेल तो लिहावा. न सांपडेल तेथें जागा कोरी ठेवावी. आमचा तर्क असा आहे कीं कोऱ्या जागाच अध्यापकांस अधिक रुचतील.

या शब्दांत मुलखागणिक फरक पडतो. देशावर ज्यास चौक म्हणतात त्यास गोव्याकडे राजांगण म्हणतात. खानदेशांत व पठारावर धाब्याचीं घरें, तेथें पागोळीचा प्रश्नच नाहीं, पण धाब्यावरील मातीचा आहे. खणाचें मापही सर्वत्र एक नसावें. लांकूड जेथें लांब मिळे तेथें खण रुंद, असें असण्याचा संभव आहे. आपल्या गांवीं खण किती हातांचा धरीत, हें ज्यांच्या घरीं सांगणारें कोणी असेल त्यांनीं गांवाचें व तालुक्याचें नांव घालून आम्हांस पत्रानें कळवावें. शक्य तर सांगणाराचें वयही लिहावें.